जी-१ ते जी : ऑन्टेरियोत लायसन्सच्या पायऱ्या आणि इन्शुरन्सचा हिशेब

कॅनडातल्या ऑन्टेरियो प्रांतात नव्याने आलेल्या मराठी घरात गाडीचा विषय निघाला की थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, ‘गाडीचा हप्ता परवडला, इन्शुरन्सचा नको!’ मीही हे हसण्यावारी नेलं होतं. भारतात नऊ वर्षं गाडी चालवलेली, एकही क्लेम नाही, नो क्लेम बोनस पन्नास टक्क्यांवर पोचलेला. मग पहिल्या ब्रोकरला, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचा विमा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला, फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘इथलं लायसन्स किती तारखेचं?’ म्हटलं, तीन आठवड्यांपूर्वीचं. त्यावर त्याने जो आकडा सांगितला तो एका वर्षाचा आहे की दोन, हे मला पुन्हा विचारावं लागलं.

त्याचा तो प्रश्न हीच या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. ऑन्टेरियोत तुमच्या नावाने दोन वह्या चालतात. एक परिवहन मंत्रालयाची : तुम्ही लायसन्सच्या कोणत्या पायरीवर आहात, पुढची टेस्ट कधी देऊ शकता, हे त्यात लिहिलेलं असतं. दुसरी इन्शुरन्स कंपनीची : लायसन्स मिळून किती वर्षं झाली, सलग किती काळ तुमच्या नावावर इन्शुरन्स होता, वाहतुकीचे नियम मोडल्याची किती तिकिटं मिळाली, किती अपघात तुमच्या चुकीने झाले. पहिल्या वहीत झालेली प्रगती दुसऱ्या वहीत आपोआप उतरत नाही. भारतातला अनुभव मंत्रालय कागद पाहून मान्य करतं, कंपनी बहुतेक वेळा करत नाही. नवे लोक फसतात ते इथेच. ते पहिल्या वहीत घाई करतात आणि दुसरी कोरीच राहते.

आधी पद्धत समजून घेऊ

टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत सर्वांत आधी न्यूझीलंडने १९८७ मध्ये आणली. ऑन्टेरियोत ती १ एप्रिल १९९४ पासून आहे. विचार साधा : नवा ड्रायव्हर सगळ्यात जास्त धडपडतो तो रात्री, वेगात, दारू पिऊन आणि गाडीत मित्रांचा गलका असताना. मग सुरुवातीला या चारही गोष्टी त्याच्यापासून लांब ठेवा आणि हात बसेल तशा एकेक मोकळ्या करा.

जी-१ म्हणजे शिकाऊ. वय किमान १६, डोळ्यांची तपासणी आणि लेखी परीक्षा. चाळीस प्रश्न असतात, वीस खुणांचे, वीस नियमांचे, आणि दोन्हींत वेगवेगळे किमान सोळा बरोबर यावे लागतात. शेजारच्या सीटवर पूर्ण लायसन्स आणि किमान चार वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती हवी. पुढे तिच्याशिवाय कुणी बसायचं नाही. रात्री बारा ते पहाटे पाच गाडी चालवायची नाही. ४०१, ४०३, ४०७ अशा चारशेच्या मालिकेतल्या महामार्गांवर, क्यूईडब्ल्यू (क्वीन एलिझाबेथ वे) या महामार्गावर, टोरंटोच्या डॉन व्हॅली पार्कवे किंवा गार्डिनर एक्सप्रेसवेवर जायचं नाही, परवानाधारक प्रशिक्षक शेजारी असेल तरच चालतं. रक्तात अल्कोहोल शून्य.

जी-२ मध्ये एकट्याने चालवता येतं, महामार्गही खुला होतो, शून्य अल्कोहोलचा नियम मात्र राहतो. वय १९ किंवा कमी असेल तर रात्री बारा ते पाच या वेळेत १९ वर्षांपर्यंतचे प्रवासी किती, यावर बंधन असतं : पहिले सहा महिने एकच, नंतर तीन. घरची माणसं किंवा शेजारी पूर्ण लायसन्सवाला असेल तर ते लागू नाही. त्यानंतर जी, म्हणजे पूर्ण लायसन्स.

जी-१ वर बारा महिने थांबायचं (मान्यताप्राप्त कोर्स केला तर आठ), जी-२ वर किमान बारा महिने, आणि सगळं मिळून पाच वर्षांच्या आत संपवायचं.

इन्शुरन्सचं गणितही याच धोक्यांवर बांधलेलं आहे, म्हणून दोन्ही वह्या एकमेकींसारख्या वाटतात. पण एक फरक लक्षात ठेवा. मंत्रालय म्हणतं, ‘टेस्ट पास झालात, चला पुढे.’ कंपनी म्हणते, ‘छान, आता काही वर्षं चालवून दाखवा.’

पायरी पहिली : विमानात बसायच्या आधी

ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांच्यासाठी हे. भारताशी ऑन्टेरियोचा लायसन्स अदलाबदलीचा करार नाही. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांच्या लायसन्सधारकांना थेट बदलून मिळतं, आपल्याला लेखी परीक्षा आणि रस्त्यावरची टेस्ट द्यावीच लागते. मात्र अनुभव मोजून घेता येतो. बारा महिन्यांपर्यंतचा अनुभव तुमच्या लायसन्सवरून मान्य होतो आणि जी-२ च्या टेस्टसाठी वर्षभर थांबावं लागत नाही. दोन वर्षांहून जास्त अनुभव दाखवून थेट जी ची टेस्ट द्यायची असेल तर मूळ लायसन्स देणाऱ्या कार्यालयाचं किंवा वकिलातीचं लेखी प्रमाणपत्र लागतं. नुसतं ‘मी चालवत होतो’ चालत नाही.

म्हणून निघण्याआधी आरटीओकडून लायसन्सचा उतारा काढून घ्या. आपल्याकडे कार्ड नूतनीकरण झालं की त्यावरच्या तारखांचा गोंधळ होतो, आणि काउंटरवरच्या माणसाला नवी तारीखच आधी दिसते. उताऱ्यात पहिल्यांदा लायसन्स कधी मिळालं ते स्पष्ट असतं. इथे येऊन, भावाला आरटीओत पाठवून, कुरिअरची वाट बघत बसण्यात दोन-तीन महिने सहज जातात. माझे गेले.

आणखी एक कागद : भारतातल्या विमा कंपनीकडून लेटरहेडवर, तारखांसकट पत्र घ्या, की इतकी वर्षं यांच्या नावावर पॉलिसी होती आणि क्लेम नाही. इथल्या बहुतेक कंपन्या ते बाजूला सारतात. पण काही कंपन्या परदेशी अनुभवाला थोडं वजन देतात, आणि त्या कोणत्या हे ब्रोकरला माहीत असतं. पत्र नसेल तर तो विचारूच शकणार नाही.

पायरी दुसरी : जी-१ पहिल्या महिन्यातच

इथे स्थायिक झाल्यावर भारतातल्या लायसन्सवर साठ दिवस गाडी चालवता येते. या साठ दिवसांच्या भरवशावर लोक निवांत राहतात. ‘आधी नोकरी लागू दे, मग बघू,’ हे मी कित्येकांकडून ऐकलंय. गाडी घ्यायची नसेल तर नका घेऊ, पण लेखी परीक्षा देऊन टाका. लायसन्स खिशात पडून असलं तरी त्याची वर्षं मोजली जातात. दोन वर्षांनी गाडी घेताना ज्याने आल्या आल्या जी-१ आणि जमेल तितक्या लवकर जी-२ काढलं, तो ‘कालच लायसन्स मिळालेला’ राहत नाही. पुष्कळ कंपन्या वर्षं मोजायला जी-२ च्या तारखेपासून सुरुवात करतात, काही जी-१ चाही काही भाग धरतात. दोन्ही बाबतींत उशीर तुमच्याच खिशातून जातो.

जी-१ वाल्याला स्वतःच्या नावाने पॉलिसी सहसा मिळत नाही, आणि गरजही नसते. तो ज्याची गाडी चालवतो त्याच्या पॉलिसीत त्याचं संरक्षण असतं. मात्र कंपनीला कळवायचं. ‘घरात अमुक एकाला जी-१ मिळालंय’ एवढा एक फोन. शिकाऊ ड्रायव्हरसाठी बहुतेक कंपन्या जादा पैसे घेत नाहीत, कारण शेजारी जाणता ड्रायव्हर बसलेला असतो. तरीही लोक पैसे वाढतील या भीतीने लपवतात, आणि घरी पोलिसी चौकशी चालल्यासारखे वागतात. उलट, न कळवता काही झालं तर कंपनी हाच मुद्दा काढते.

इथेच एक गंभीर गोष्ट. जी-१ वर एकट्याने गाडी काढली, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, आणि धडक झाली, तर तुम्ही कायद्याने गाडी चालवायला पात्र नव्हता. पॉलिसीची अट मोडली. आपल्या गाडीचं नुकसान कंपनी नाकारू शकते, आणि समोरच्याला द्यावे लागलेले पैसे तुमच्याकडे मागू शकते. लायसन्सच्या अटी आणि पॉलिसीच्या अटी इतक्या घट्ट बांधलेल्या आहेत.

पायरी तिसरी : कोर्स, आणि त्याबद्दलचा मोठा गैरसमज

‘आपल्याला गाडी येते, कोर्स कशाला?’ खरं आहे. भारतातल्या अनुभवाचे बारा महिने मिळाले तर जी-२ च्या टेस्टसाठी कोर्सची गरज नाही. मंत्रालयाच्या वहीत तो तुम्हाला काहीच देत नाही. दुसऱ्या वहीत देतो.

सरकारमान्य नवशिक्या ड्रायव्हरचा कोर्स किमान चाळीस तासांचा असतो : वीस तास वर्ग, दहा तास प्रत्यक्ष गाडी, दहा तास लवचीक अभ्यास. तो पूर्ण झाला की शाळा मंत्रालयाला कळवते आणि तुमच्या लायसन्सच्या इतिहासात त्याची नोंद होते. कंपनी ही नोंद बघते. बऱ्याच कंपन्या त्यावर पहिली काही वर्षं सवलत देतात, काही जण तर तुमचा अनुभव वर्ष-दोन वर्षांनी जास्त धरतात, आणि नव्या ड्रायव्हरच्या बाबतीत ही जादा धरलेली वर्षं साध्या टक्केवारीच्या सवलतीपेक्षा मोलाची असतात.

ओळखीच्या प्रशिक्षकाकडे घेतलेले पाच-सहा धडे म्हणजे हा कोर्स नव्हे. टेस्टसाठी ते उत्तम आहेत, मीही घेतले, पण त्यांची कुठेच नोंद होत नाही. काही शाळा जाहिरातीत ‘इन्शुरन्स सर्टिफिकेट’ असं मोघम लिहितात. पैसे भरण्याआधी शाळेचं नाव मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते स्वतः तपासा. कोर्स झाल्यावर सर्व्हिस-ऑन्टेरियो या सरकारी सेवा केंद्राकडून लायसन्सचा इतिहास काढून त्यात नोंद दिसते का तेही बघा. शाळेने कळवायला विसरणं हा काही दुर्मीळ प्रकार नाही.

कोर्स परवडतो का? हिशेब आकड्याने करा. समजा तुम्हाला मिळालेला कोट, म्हणजे कंपनीने सांगितलेला दर, वर्षाला ३,६०० डॉलरचा आहे आणि ब्रोकर सांगतो की कोर्समुळे दहा टक्के कमी होतील. म्हणजे वर्षाला ३६०. सवलत तीन वर्षं टिकली तर हजाराच्या वर. कोर्सची फी त्याहून कमी असेल तर प्रश्न मिटला. तुमचा आकडा वेगळा असेल, म्हणून कोर्सला नाव घालण्याआधी ब्रोकरला दोन कोट मागा, कोर्ससह आणि कोर्सशिवाय. आणि कोर्स जी-२ मिळण्याआधी करा. जी-२ घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली की पुष्कळ ठिकाणी ही सवलत लागूच होत नाही.

पायरी चौथी : जी-२, आणि खरी बिलं

एकट्याने गाडी चालवायला लागलात की कंपनी तुम्हाला पूर्ण ड्रायव्हर म्हणून मोजते. घरात आधीच पॉलिसी असेल तर ती वाढते, नसेल तर पहिला कोट घ्यायची हीच वेळ. तेव्हा काही गोष्टी माहीत असाव्यात.

ऑन्टेरियोत वाहन विमा खासगी कंपन्या देतात, पण दर ठरवायला त्या मोकळ्या नाहीत. २०१९ पासून एफएसआरए नावाची नियामक संस्था त्यांचे दर मंजूर करते. त्यामुळे घासाघीस चालत नाही. ‘जरा कमी करा की’ म्हणण्यात दम नाही, कारण समोरच्या माणसाच्या हातात काही नसतं. पण दोन कंपन्यांची मंजूर कोष्टकं एकमेकींपासून फार वेगळी असू शकतात, आणि नव्या ड्रायव्हरच्या बाबतीत तर ही तफावत सगळ्यांत मोठी असते. एखादी कंपनी जी-२ वाल्याला जवळजवळ हाकलून लावणारा दर सांगते, दुसरी बरा सांगते. म्हणून कमीत कमी दोन ब्रोकर आणि एक-दोन थेट विक्री करणाऱ्या कंपन्या, एवढे फोन कराच. मंजूर निकषांत बसत असाल तर कंपनी तुम्हाला नकार देऊ शकत नाही. तुमचा क्रेडिट स्कोअर इथे वाहन विम्यासाठी वापरायला बंदी आहे, त्यामुळे ‘नवीन आहोत, स्कोअर नाही’ ही चिंता या कामापुरती सोडा.

दर कशावर ठरतो? लायसन्सची वर्षं, वय, गाडीचं मॉडेल, रोज किती किलोमीटर, ऑफिसला जाता का, आणि तुमचा पोस्टल कोड. या शेवटच्या गोष्टीवरून टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टन शहरात राहणारे लोक वर्षानुवर्षं कुरकुरत आलेत आणि त्यांचं काही चुकत नाही. तोच माणूस, तीच गाडी, नुसता पत्ता बदलला की आकडा बदलतो. यावर काही जणांनी शोधलेला उपाय म्हणजे लांबच्या गावातल्या मित्राचा पत्ता देणं. हे करू नका. क्लेमच्या वेळी कंपनीला गाडी रोज रात्री कुठे उभी असते ते शोधून काढायला फार कष्ट पडत नाहीत, आणि खोटी माहिती दिली म्हणून पॉलिसी रद्द झाली की तो डाग दुसऱ्या वहीत बसतो. मग शेवटचा आसरा म्हणजे फॅसिलिटी असोसिएशन, जिथे कुणीच घेत नाही अशांना विमा मिळतो, आणि तिथले दर ऐकून ब्रॅम्प्टन स्वस्त वाटायला लागतं.

असाच दुसरा मोह : गाडी मुलगा चालवतो, पण मुख्य ड्रायव्हर म्हणून बाबांचं नाव घालायचं. मुख्य ड्रायव्हर कोण आणि अधूनमधून चालवणारा कोण, यावर प्रीमियम बराच बदलतो, म्हणून हा प्रश्न कंपनी बारकाईने विचारते. जे खरं आहे ते सांगा. खरोखरच एक गाडी आणि दोन ड्रायव्हर असतील, आणि ज्याचा अनुभव जास्त तोच जास्त चालवत असेल, तर नव्याला अधूनमधूनचा ड्रायव्हर म्हणून नोंदवणं हा पूर्णपणे प्रामाणिक आणि स्वस्त मार्ग आहे. नवरा-बायकोंपैकी एकाला आधी जी मिळालं असेल तर पहिली दोन वर्षं दुसरी गाडी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. एका पॉलिसीवर दोन नावं, दोघांच्याही नावाने सलग इन्शुरन्सची वर्षं जमा. पुढे स्वतंत्र पॉलिसी घेताना ही वर्षं कामाला येतात. गाडी फक्त नवरा चालवतो म्हणून बायकोचं नाव पॉलिसीत न घालणं, किंवा उलट, ही बचत वाटते. चार वर्षांनी कळतं की तिचं लायसन्स चार वर्षं जुनं आहे आणि इन्शुरन्सचा इतिहास शून्य.

घरातल्या लायसन्सधारक सगळ्यांची नावं कंपनीला सांगावीच लागतात. एखाद्याला ठरवून वगळायचं असेल तर तसा वेगळा फॉर्म असतो, ओपीसीएफ २८ए. त्यावर सही केल्यावर तो माणूस त्या गाडीला हात लावणार नाही अशी तयारी हवी, अगदी रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तरी.

आता गाडी. नव्या ड्रायव्हरने कर्जावर नवी कोरी गाडी घेणं म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. कर्ज देणारा आपल्या गाडीच्या नुकसानीचं पूर्ण संरक्षण घ्यायलाच लावतो, आणि ते जी-२ वाल्याला महाग पडतं. चार-पाच हजारांची जुनी, धडधाकट गाडी रोख घेतली तर धडकेचं आणि चोरीबिरीचं संरक्षण सोडून देता येतं. तिथे खरी बचत आहे. जिथे बचत करू नये ती जागा म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी. कायद्याने किमान २ लाख डॉलर पुरतात, पण ब्रोकर १० किंवा २० लाख सुचवेल आणि तो बरोबर सांगत असतो. दोघांतला फरक प्रीमियममध्ये थोडका असतो.

याच संदर्भात १ जुलै २०२६ ही तारीख महत्त्वाची. त्या दिवसापासून पॉलिसीतून अपघातानंतर मिळणाऱ्या लाभांपैकी वैद्यकीय उपचार, पुनर्वसन आणि शुश्रूषा एवढेच सक्तीचे, बुडालेल्या पगाराची भरपाई वगैरे बाकीचे ऐच्छिक. कोट स्वस्त दिसावा म्हणून ते काढून टाकायचा मोह होईल. ज्यांना नोकरीतून अपंगत्व विमा मिळत नाही, आणि नव्या लोकांना पहिल्या नोकरीत तो बहुतेक नसतोच, त्यांनी पगाराची भरपाई काढण्याआधी घरातल्या शिल्लक रकमेकडे एकदा बघावं.

छोट्या बचती झटपट सांगते. बर्फाचे टायर लावलेत तर सवलत द्यायला कंपन्या २०१६ पासून बांधील आहेत, बिल जपून ठेवा. भाड्याच्या घराचा विमा त्याच कंपनीत घेतला तर दोन्हींवर काही कमी होतं. डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपण स्वतः भरायचा भाग, वाढवला की हप्ता उतरतो. फोनमधल्या ॲपने तुमचं चालवणं मोजून सवलत देणारी योजना नव्या ड्रायव्हरला खरंच फायद्याची ठरते, कारण इतिहास नसलेल्या माणसाकडे दाखवण्यासारखं तेवढंच असतं. फक्त आधी विचारा : वाईट गुण मिळाले तर दर वाढतोही का?

पायरी पाचवी : वही डागू न देणं

जी-१ आणि जी-२ वाल्यांना शिक्षा जास्त कडक. लायसन्सची एखादी अट मोडली, किंवा चार वा अधिक डिमेरिट गुणांचा (नियम मोडल्याबद्दल लायसन्सवर जमा होणारे दोषगुण) गुन्हा सिद्ध झाला, तर पहिल्या वेळी लायसन्स ३० दिवस निलंबित, दुसऱ्या वेळी ९० दिवस, आणि तिसऱ्या वेळी रद्द, म्हणजे पुन्हा जी-१ पासून श्रीगणेशा. गाडी चालवताना हातात फोन सापडला तर पहिल्याच वेळी ३० दिवस.

डिमेरिट गुणांबद्दल एक गैरसमज दूर करते. ‘गुण नाही मिळाले ना, मग इन्शुरन्सला काय कळतंय,’ असं म्हणत लोक तिकीट भरून टाकतात. कंपनी गुण मोजत नाही. ती दोषसिद्धी मोजते, गुण असोत वा नसोत. तिकीट भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. अशी नोंद साधारण तीन वर्षं दरावर परिणाम करते, आपल्या चुकीचा अपघात साधारण सहा. पार्किंगचं तिकीट यात येत नाही. वेगाचं, स्टॉपच्या पाटीवर न थांबल्याचं, फोनचं येतं. दहा वर्षं जुन्या ड्रायव्हरच्या वहीत एक तिकीट खपून जातं. तुमची वही दोन पानांची आहे, त्यात ते ठसठशीत दिसतं.

किरकोळ धडकेसाठी एक सोय आहे. १ जून २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे कुणाला इजा नाही, प्रत्येक गाडीचं नुकसान दोन हजार डॉलरच्या आत, तुम्ही ते स्वतः भरून दिलंत आणि कंपनीला एक पैसाही द्यावा लागला नाही, तर तिला त्यावरून तुमचा दर वाढवता येत नाही. तीन वर्षांत एकदाच. मात्र अपघात कंपनीला कळवायची जबाबदारी यातून सुटत नाही.

आणि हप्ता चुकवू नका. बँकेत पैसे नव्हते म्हणून पॉलिसी रद्द झाली, ही नोंद पुढच्या प्रत्येक कोटमध्ये विचारली जाते. विम्याशिवाय गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर दंड ५,००० डॉलरपासून सुरू होतो.

घरात सोळा वर्षांचं लेकरू असेल तर

हा वेगळा हिशेब आहे आणि यात सोपं उत्तर नाही. सोळाव्या वाढदिवशी जी-१, लगोलग कोर्स, आठ महिन्यांनी जी-२, असं केलं तर मुलाचं घड्याळ लवकर सुरू होतं आणि विशीत त्याला माणसात गणलं जातं. पण जी-२ मिळाल्या दिवसापासून तुमची पॉलिसी चढते, आणि किशोरवयीन ड्रायव्हरचा दर सगळ्यांत वरचा. माझ्या ओळखीत दोन घरं आहेत. एकांनी मुलीला सोळाव्या वर्षी जी-१ आणि कोर्स करून दिला, जी-२ ची टेस्ट मात्र ती महाविद्यालयात जायच्या उन्हाळ्यात ठेवली. दुसऱ्यांनी लगेच दिली आणि दोन वर्षं जादा भरले. मला पहिला मार्ग पटतो, एका अटीवर : जी-१ च्या त्या काळात मूल आठवड्यातून दोनदा तरी खरोखर गाडी चालवत असेल. नुसतं कार्ड पाकिटात असेल तर उपयोग नाही. मूल शिकायला दूर गावी गेलं आणि गाडी घरीच राहिली तर काही कंपन्या दर कमी करतात, तेही विचारा.

पायरी सहावी : जी

जी-२ वर वर्ष झालं की जी ची टेस्ट. यात महामार्ग येतो, म्हणून टेस्टच्या आधी महामार्गावर किती चालवलंय याचं घोषणापत्र भरावं लागतं. अनुभव अपुरा असेल तर टेस्ट तिथेच रद्द होते आणि अर्धी फी बुडते. ‘मी सगळीकडे आतल्या रस्त्यानेच जाते’ म्हणणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला हे टेस्टच्या दिवशी कळलं.

जी मिळालं की दर किती उतरतो? काही कंपन्यांत चांगला, काहींत जेमतेम. पण रिन्यूअलची वाट बघत बसू नका. त्याच आठवड्यात फोन करा, नवी तारीख नोंदवायला सांगा आणि फरक कधीपासून लागू होईल ते विचारा. कंपनी स्वतःहून तुमचा इतिहास तपासते ती सहसा नूतनीकरणाच्या वेळी, तोवर जुनाच दर चालू राहतो.

थेट जी ची टेस्ट देणाऱ्यांसाठी : मंत्रालयाने भारतातला अनुभव मान्य केला म्हणून कार्डावर जी आलं, तरी कंपनीच्या दृष्टीने इथला अनुभव पहिल्याच दिवशीचा असू शकतो. म्हणजे ‘जी’ असूनही दर नवशिक्याचा. अशा वेळी आरटीओचा उतारा आणि विमा कंपनीचं पत्र ब्रोकरसमोर ठेवायचं आणि हे मानणारी कंपनी शोधायला लावायचं. आणि पाच वर्षांची मुदत डोळ्यांसमोर ठेवा. जी-२ वर आरामात राहून ती उलटली तर पुन्हा लेखी परीक्षेपासून सुरुवात, आणि तारखा नव्या.

हे सगळं ऑन्टेरियोपुरतं आहे. ब्रिटिश कोलंबियात मूळ विमा आयसीबीसी या सरकारी कंपनीकडूनच घ्यावा लागतो, मॅनिटोबा आणि सस्कॅचेवानमध्येही तसंच सरकारी आहे, आणि तिथल्या पायऱ्यांची नावं, मुदती वेगळ्या. प्रांत बदलणार असाल तर निघताना इथल्या कंपनीकडून विम्याच्या इतिहासाचं पत्र आणि मंत्रालयाकडून लायसन्सचा इतिहास, दोन्ही घेऊन जा.

रिन्यूअलचं पत्र मुदत संपायच्या महिनाभर आधी येतं. ते आलं की पहिल्या पानावरचा एकूण आकडा बाजूला ठेवा आणि आतल्या पानावर प्रत्येक ड्रायव्हरपुढे लिहिलेली लायसन्सची तारीख, वर्ग आणि कोर्सची नोंद वाचा. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या पत्रात मी अजून जी-२ च होते.